बादल्या घरी पोचल्या

नलूकाकीच्या तोंडून 'कदाचित' हा शब्द मी कधी ऐकला नाही. 'बहुतेक' नाही, 'बघू' नाही, 'विचारून सांगते' तर नाहीच नाही. कुठली सुरमई ताजी, कुणाची सून महिन्याभरात वेगळी होणार, कुठल्या डॉक्टरच्या हाताला गुण आहे, सगळं तिला आधीच ठाऊक. चुकायची नाही असं नाही हां, भरपूर चुकायची. पण चुकतानासुद्धा इतकी ठाम असायची की समोरच्याला वाटावं, आपल्याच ऐकण्यात काहीतरी गडबड झाली असेल.

नलिनी दत्ताराम परब. लालबागला आमच्या चाळीत तिसऱ्या माळ्यावर, जिन्याला लागून तिची खोली, आणि तिच्यानंतर दोन दारं सोडून आमची. गिरण्या बंद पडल्या तेव्हापासून ती मसाला कुटून देणाऱ्या दुकानात कामाला होती. बायका मिरच्या-धणे घेऊन यायच्या, नलूकाकी पिशवीत नाक खुपसायची आणि निकाल द्यायची. "बेडगी कमी कर. दगडफूल दुप्पट घाल. मी सांगते ना." माहीमहून फिलोमिना आंटी उन्हाळ्यात वर्षाचा मसाला करून न्यायला यायची. तिच्या घरची कृती आजीच्या आजीपासूनची, पण तिच्यातही नलूकाकी हात घालायची. फिलोमिना तोंडाने भांडायची आणि मसाला मात्र काकी म्हणेल तसाच न्यायची. मागे कुटायच्या यंत्रांची धाडधाड सतत चालू, त्यामुळे काकीचा आवाज असा तयार झाला होता की तिसऱ्या माळ्यावरून तिने हाक मारली तर नाक्यावरचा पानवाला मान वर करायचा.

हा आवाज तिने आमच्या चाळीत एका सिनेमाला दिला. तो सिनेमा रशियन, काळापांढरा, माझ्या आजोबांच्या काळातला. तिकडच्या कुठल्याशा परीकथेवरून काढलेला. एक आळशी, भोळा तरुण, त्याला नदीवर एक मासा सापडतो आणि मग तो मागेल ते होतं, अशी गोष्ट. आमच्या गल्लीत युनियनचं एक वाचनालय होतं. तिकडे हा सिनेमा कुणीतरी कधीतरी आणून ठेवला होता, तीन मोठ्या रिळांचे तीन डबे आणि एक दाखवायचं मशीन. वाचनालय बंद झालं तेव्हा पुस्तकं ज्याला हवी त्याने नेली. मशीन आणि डबे कुणी उचलेना, ते दत्तारामकाकांनी आणले.

दत्तारामकाका म्हणजे नलूकाकीच्या बरोबर उलटे. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. गिरणी गेली आणि हा माणूस गॅलरीत कठड्याला टेकून जो उभा राहिला तो उभाच. कुणी "काय परबानू" म्हटलं तर नुसती मान हलवायचे. घरात जेवायलासुद्धा हाक मारावी लागायची. काकी दिवसभर दुकानात, रात्री चार घरचं शिवण, आणि मध्ये हा गप्प माणूस. ते मशीन घरी आलं तेव्हा काकीने एक अक्षर विरुद्ध काढलं नाही. पोटमाळ्यावरची भांडी हलवून जागा करून दिली. काकांनी परळच्या एका जुन्या ऑपरेटरच्या हातापाया पडून मशीन चालवायला शिकून घेतलं आणि त्या वर्षी गणपतीत चाळीच्या अंगणात पडदा लागला.

आमच्याकडे पडद्याच्या दोन्ही बाजूंना माणसं बसायची. पुढे जागा पुरायची नाही, मग उरलेले पाठीमागे. मागच्यांना सगळं उलट दिसायचं, पुढच्यांचा उजवा हात तो त्यांचा डावा. मी मागच्या बाजूची. अजूनही तो तरुण डोळ्यांपुढे आला की डाव्या हातानेच काम करताना दिसतो. बोलणं सगळं रशियन, खाली अक्षरं नाहीत, म्हणून काका आवाज कमी करायचे आणि काकी माईक घेऊन पडद्याशेजारी स्टुलावर बसायची. सगळ्यांचे आवाज तीच काढायची. त्या तरुणाचं नाव तिने बाबल्या ठेवलं होतं. राजा आमच्या घरमालकासारखा बोलायचा. माशाला तिने स्वतःच्या सासूचा आवाज दिला होता. सासूबाई पुढच्या रांगेत पाटावर बसून दरवर्षी म्हणायच्या, "मासो बरो बोलता हां."

आमच्या चाळीत तो सिनेमा सुरू व्हायचा तोच मुळी चालत्या चुलीने. बाबल्या चुलीवर झोपलेला, चूल कसली, आमच्या दोन खोल्या मावतील एवढं धूड, आणि ते बर्फातून धडधडत राजाकडे निघालेलं. काकी सांगायची, "ह्याला एका माशाचा वर मिळालाय. मासा कुठे भेटला ते शेवटी कळेल, तोवर गप्प बसायचं." मग राजाचा दरबार, राजाची सतत रडणारी मुलगी, तिला बाबल्याने हसवणं, शिपायांची धांदल, लग्न. मग पडद्यावर मोठ्या अक्षरात एक शब्द यायचा. काकी म्हणायची, "मध्यंतर." पोरं पाणी प्यायला पळायची, मोठ्यांचा चहा यायचा.

मध्यंतरानंतर आधी भरपूर अक्षरं दिसायची, एकाखाली एक. ते राजाचं फर्मान. काकी ते खड्या आवाजात वाचून दाखवायची: जावयाला अर्धं राज्य दिलं आहे, सबब त्याने आता गावाकडे फिरकू नये. मग पडद्यावर बाबल्या आपल्या जुन्या फाटक्या कपड्यांत, हातात दोन बादल्या, गोठलेल्या नदीवर. "मग त्याने राजाचा कोट काढून ठेवला आणि तो आपल्या नदीवर परत आला," इथे काकीचा आवाज खाली यायचा. तोच मासा पुन्हा बादलीत येतो. मासा विचारतो, आता आणखी काय रे हवं तुला? आणि बाबल्या म्हणतो, काय नको, तू जा. मासा पाण्यात सोडतो. दरवर्षी या जागी पाठीमागून कुणीतरी हळहळायचं की एवढा मोठा मासा सोडला, कालवण झालं असतं. आणि मग मासा न मागता एक शेवटची गोष्ट देतो. त्या दोन भरलेल्या बादल्या आपोआप उठतात आणि चढण चढत, डुलत डुलत, एक थेंब न सांडता घराकडे निघतात.

तुम्ही तिसऱ्या माळ्यावर खालच्या नळाचं पाणी चढवलं नसेल तर त्यात काय मजा ते तुम्हाला कळायचं नाही. चुलीला, राजवाड्याला आम्ही टाळ्या वाजवायचो, पण त्या बादल्या चालायला लागल्या की अंगणातल्या सगळ्या बायका गप्प व्हायच्या. माझी आई तर डोळे पुसायची. बादल्या दारात पोचायच्या, पडदा पांढरा व्हायचा आणि काकी म्हणायची, "बादल्या घरी पोचल्या. आता तुम्ही पण जा." की सगळे उठून चटया गुंडाळायला लागायचे.

त्या पहिल्या वर्षानंतर दत्तारामकाकांना शेजारच्या चाळींतून बोलावणी येऊ लागली. शिवडीला, काळाचौकीला, लग्नकार्यांतही. गॅलरीतला माणूस हातात पेटी घेऊन जिना उतरू लागला. दारावर पत्र्याची पाटी लागली: द. वि. परब, ऑपरेटर. पोस्टमन, दूधवाला, सगळे त्यांना ऑपरेटर म्हणायचे आणि ते प्रत्येक वेळी किंचित मान ताठ करायचे. काकीसुद्धा आम्हा पोरांना दरडावायची, "हळू बोला, ऑपरेटर झोपलेत."

सिनेमातला मासा काकीने रोजच्या व्यवहारातही आणला होता. मी एकदा तिला सांगितलं की मला मासा भेटला तर मी गणितात पास कर म्हणेन. तिने हातातलं शिवण ठेवलं, माझं मनगट धरलं आणि तडक मला दुसऱ्या माळ्यावर मोरे मास्तरांच्या दारात उभं केलं. हिला उद्यापासून शिकवायचं, असं त्यांना सांगून, विचारून नव्हे, ती निघून गेली. जिन्यात मला म्हणाली, "माणसाकडून मिळतं ते माशाकडे मागू नये." मी पास झाले. श्रेय अर्थात काकीने घेतलं.

एका उन्हाळ्यात नळाचं पाणी करंगळीएवढं झालं. पुरुषमंडळी अर्ज लिहीत बसली होती. काकीने दोन रिकाम्या बादल्या उचलल्या, चाळीतल्या बायकांना बरोबर घेतलं आणि पाण्याच्या ऑफिसात जाऊन साहेबाच्या टेबलावर त्या ठेवल्या. साहेबाने विचारलं, हे काय? काकी म्हणाली, "बादल्या चालत आल्यात, साहेब. आता भरून चालत गेल्या पाहिजेत." आम्हाला सिनेमा माहीत होता, आम्ही हसून हसून बेजार. साहेबाला काहीच कळलं नाही, पण एवढ्या बायका का हसतायत या भीतीने असेल, त्याने दुसऱ्या दिवशी माणूस पाठवला आणि पाणी सुधारलं. आईने त्या दिवशी काकीकडे शिऱ्याची वाटी पाठवली.

दत्तारामकाका गेले तेव्हा रिळं चिकट व्हायला लागली होती, डबा उघडला की आंबूस वास यायचा. काकांमागे मशीन कुणी लावलं नाही. काकीने ते धुऊनपुसून काकांच्या फोटोखाली ठेवलं आणि वर क्रोशाचा रुमाल घातला. मी तोवर लग्न होऊन दादरला गेले होते, पण आई चाळीतच, म्हणून माझं येणंजाणं असायचं.

मग चाळ पाडायचं ठरलं. आधी दहा वेळा ठरून मोडलं होतं, या वेळी खरंच. जुन्या अंगणातला शेवटचा गणपती म्हणून मंडळाने ठरवलं की पुन्हा पडदा लावायचा. मंडळाचा सेक्रेटरी संकेत, कॉम्प्युटरवर काम करणारा, चांगला मुलगा, हौशी. त्याने शोधून शोधून तो सिनेमा नेटवरून मिळवला. स्वच्छ केलेला, खाली इंग्रजी अक्षरं. मी आईकडे आले होते तेव्हा धावत येऊन मोबाईलवर दाखवायला लागला.

"ताई, गंमत बघ. मासा पहिल्यांदा येतो! ते राजाचं फर्मान म्हणजे नटांची नावं आहेत. आणि मध्यंतराची पाटी आहे ना, तिचा अर्थ समाप्त."

म्हणजे पहिलं रीळ आम्ही इतकी वर्षं शेवटी बघत होतो. डब्यांवर नावं रशियन, दत्तारामकाकांनी त्या पहिल्या गणपतीत अंदाजाने लावली ती कायमची. संकेतला ही गोष्ट भलतीच आवडली होती. सिनेमा सुरू व्हायच्या आधी माईकवरून सगळ्यांना सांगणार होता की आपल्या ऑपरेटरने रिळांचा घोळ केला आणि आपण सगळे उलटा सिनेमा बघून मोठे झालो. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. लोक हसतील, मजा येईल, एवढंच.

मला मात्र ते पटेना. मी उठून काकीकडे गेले. ती तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं, मोबाईल तिच्यापुढे धरला. तिने चष्मा लावून ती नावं, तो मासा, त्या बादल्या शांतपणे पाहिल्या आणि मोबाईल परत दिला.

"माका पयल्याच दिवशी समाजला होता," ती म्हणाली.

वाचनालयातल्या एका म्हाताऱ्या कार्यकर्त्याने तिला गोष्ट तोंडी सांगून ठेवली होती. त्याशिवाय ती बोलणार काय? तिला पक्कं माहीत की आधी मासा. माईक हातात घेऊन बसली आणि पडद्यावर बघते तर चूल चालतेय. मान वळवून मशीनकडे पाहिलं. काका दिव्याच्या उजेडात वाकून रीळ सांभाळत होते, घामाने डबडबलेले, आणि किती तरी महिन्यांनी त्या माणसाच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं. अंगण माणसांनी भरलेलं. थांबा म्हटलं असतं तर शिट्ट्या पडल्या असत्या.

"म्हटलं, पुन्हा गॅलरीत जाऊन उभे राहिले तर परत आत आणायचे कसे?" काकी म्हणाली. "मग काय, लावली जुळवून. मला काय, जिभेला हाड थोडंच आहे?"

मी विचारलं, काकांना कधी कळलंच नाही का? तिने तांदळातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "कळलं असणार. दरवर्षी डबे काढायचे तेव्हा पहिलं कुठलं लावू म्हणून माझ्याकडे बघायचे. मी म्हणायची, नेहमीचं. मग तेच लावायचे. ते बोलले नाहीत, मी बोलले नाही. संसार असाच होतो, गो." मग ताट खाली ठेवून म्हणाली, "पण गेलेल्या माणसाला चार लोकांत हसलेलं मला चालणार नाही. ती पाटी अजून दारावर आहे." संकेतला मी सांगते, त्याला बोलू नको म्हणते, असं मी म्हटलं. तर म्हणाली, त्याला गप्प करून काय होणार, सिनेमा डोळ्यांना दिसणारच आहे. "तू राहू दे. मी बघते काय ते."

त्या संध्याकाळी आरती झाल्यावर अंगण खचाखच भरलं. नातवंडं घेऊन जुनी माणसं आली होती, कुणी विरारहून, कुणी बदलापूरहून. फिलोमिना आंटी काठी टेकत आली. पडदा मधोमध, दोन्ही बाजूंना चटया. संकेतने काकीसाठी पुढे खुर्ची ठेवली होती, माईक स्वतःच्या हातात. आता इंग्रजी अक्षरं होती, काकीच्या आवाजाचं काम उरलं नव्हतं. त्याने घसा साफ केला आणि सुरुवात केली की आज एक गुपित फोडायचं आहे. काकी खुर्चीवरून उठली, त्याच्याकडे गेली आणि माईक काढून घेतला. मागितला नाही.

"हा पोरगा सांगणार आहे की आपण सिनेमा उलटा बघत होतो," ती म्हणाली. "खरं आहे. मासा आधी येतो. आमच्या ह्यांनी पहिल्याच दिवशी मला सांगितलं होतं, नलिनी, हे रीळ आधीचं आहे. मी म्हटलं, नाही, मासा शेवटी. मला तसाच आवडतो. मी त्यांचं ऐकलं नाही."

 मग कुणीतरी मागून म्हणालं की काकीने कधी कुणाचं ऐकलंय, आणि जो हशा उसळला तो दोन्ही बाजूंनी. फिलोमिना आंटी तर काठी आपटून हसत होती, शेजारणीला सांगत होती की माझ्या मसाल्याचंपण असंच केलं हिने. एकालाही शंका आली नाही. जन्मभर हट्टी म्हणून नाव कमावलं होतं, ते त्या दिवशी बाईने एका फटक्यात नवऱ्यासाठी खर्चून टाकलं. मला रडू आवरेना. संकेत माझ्याकडे बघत होता. त्याला बहुधा कळलं असावं, कारण पुढे काही न बोलता त्याने सिनेमा चालू केला.

माईक अर्थातच काकीने परत दिला नाही. सिनेमा सुरू झाला, नावं आली, आमच्या वेळची पोरं "फर्मान, फर्मान" ओरडली. मग नदी, मासा, आणि बादल्या उठून चढणीला लागल्या. बादल्या दारात पोचल्या मात्र, अर्धं अंगण उठून उभं राहिलं आणि चटया गुंडाळायला लागलं. माझी आईसुद्धा. सवयच ती. नातवंडं बघत राहिली की आजी-आजोबांना झालं काय.

"बसा खाली," काकी म्हणाली. "अजून त्याने काही मागितलेलंच नाही."

हसत, एकमेकांना ढकलत सगळे बसले. मग चूल, राजा, रडकी मुलगी, लग्न. काकीचा आवाज थोडा बसला होता, पण एक वाक्य चुकली नाही. शेवटी तो मोठा शब्द आला, ज्याचा अर्थ समाप्त, आणि पडदा पांढरा झाला. संकेत दिवे लावायला गेला. कुणी उठेना. दोन-चार माणसं उठली ती चहा प्यायला. तो शब्द आमच्याकडे मध्यंतराचा. चहा पिऊन ती परत आपल्या जागेवर येऊन बसली आणि सगळे त्या पांढऱ्या पडद्याकडे बघत राहिले.

काकीने माईक मांडीवर ठेवला होता.  तिला जे हवं होतं ते झालं होतं, आणखी काही मागायचा तिचा विचार दिसत नव्हता. पदराने तोंड पुसलं आणि उठायला लागली.

तेवढ्यात पडद्यामागून एका म्हाताऱ्याचा आवाज आला, "अरे संकेत, पुढचं रीळ लाव की. परब असते तर एव्हाना लावलं असतं."

संकेतने काकीकडे पाहिलं. अगदी दत्तारामकाका बघायचे तसं. काकीने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "नेहमीचं."

त्याने दिवे घालवले आणि सिनेमा पुन्हा पहिल्यापासून लावला. अक्षरं आली, काकीने सबंध फर्मान खड्या आवाजात वाचलं. मग ती खुर्ची सोडून पडद्याला लागून उभी राहिली, पूर्वी स्टूल असायचं तिथे. "मग त्याने राजाचा कोट काढून ठेवला," तिचा आवाज खाली आला, "आणि तो आपल्या नदीवर परत आला."

चाळ त्या दिवाळीनंतर पाडली. नलूकाकी भाचीकडे शिवडीला राहायला गेली आणि नवीन इमारत उभी राहायच्या आत गेली. मी तिला आजारात भेटले, शेवटी शेवटी बोलणंही झालं. पण मला ती आठवते ती त्या पडद्याशेजारी. मी माझ्या जुन्या जागेवर, पाठीमागे बसले होते. मासा पाण्यात गेला, बादल्या उठल्या, आणि त्या चढणीचा उजेड तिच्या लुगड्यावरून, खांद्यावरून सरकत होता. अंगणात कुणी खोकलं नाही. बादल्या दारात पोचल्या तशी संकेतने सिनेमा तिथेच थांबवला. पडदा पांढरा झाला तेव्हा तिने वर, तिसऱ्या माळ्यावरच्या गॅलरीच्या त्या कठड्याकडे एकदा पाहिलं, आणि मग आम्हा सगळ्यांकडे वळून म्हणाली,

"बादल्या घरी पोचल्या. आता तुम्ही पण जा."